उकिरड्याचा पांग कोण फेडणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळच्या उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटे पडत असे. त्याचे खत होई आणि ते शेतात जाई. आजच्या उकिरड्याला हा न्याय लागू नाही. त्यात पडलेली दुधाची पिशवी बारा वर्षांनीही पिशवीच राहते. मधल्या काळात ती गटार तुंबवते, गाईच्या पोटात जाते आणि पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याचे पाणी बाजारपेठेत आणून सोडते. ह्या उकिरड्याचा पांग काळ फेडणार नाही. तो माणसांनाच फेडावा लागेल. जुन्या प्लास्टिकपासून फरसबंदीचे ठोकळे, फळ्या, पत्रे असे बांधकामाचे सामान करावे आणि त्याची पेठ उभी करावी, हा त्यावरचा एक मार्ग म्हणून आज सर्वत्र सांगितला जातो. तो मार्ग खरा किती आणि मृगजळ किती, ह्याचा विचार केला पाहिजे.

कच्चा माल थोडा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालाप्रमाणे देशात २०१९-२० साली सुमारे ३४.७ लाख टन प्लास्टिकचा कचरा निघाला, आणि २०२०-२१ साली तो ४१ लाख टनांच्या वर गेला. साऱ्या जगाचा हिशेब आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०२२ साली मांडला. त्यानुसार २०१९ ह्या एका वर्षात जगात ३५ कोटी टनांहून अधिक प्लास्टिक टाकून देण्यात आले, आणि त्यातील अवघे ९ टक्के पुन्हा उपयोगात आले. ज्या धंद्याचा कच्चा माल लोक पैसे देऊन घराबाहेर काढतात तो धंदा बुडूच कसा शकेल, असे कोणासही वाटेल. परंतु व्यवहार इतका भोळा नसतो.

हे सामान म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण नवे नाव निघाले की त्याच्या आडून काहीही विकले जाते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन ह्या दोन जातींचे प्लास्टिक, म्हणजे पिशव्या, डबे, बादल्या, बाटल्यांची झाकणे, सिमेंटची पोती, हे निवडून, धुऊन, दळून वितळवायचे. त्यात कोरडी वाळू मिसळून साच्यात दाबले की फरसबंदीचा ठोकळा होतो. वाळूच्या जागी लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस घातले की फळी होते. दार, चौकट, कुंपण, बाकडे यांस ती चालते. पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळते, पॉलिप्रॉपिलिन १६० च्या आसपास, आणि लाकडाचा भुसा २०० अंशांपुढे करपू लागतो. म्हणून ह्या दोन जातींचाच भुशाशी संसार जमतो. पाण्याची बाटली वितळवण्यास अडीचशे अंश लागतात; तिची येथे गरजही नाही, कारण तिला धाग्याच्या कारखान्यात स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. नळाच्या पाइपाचे पी.व्ही.सी. जास्त तापले की आम्लाची वाफ सोडते. तेव्हा 'कसलेही प्लास्टिक एका कढईत घाला आणि वीट काढा' असे सांगणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड.

नीट केलेल्या मालाचे गुण मात्र निर्विवाद आहेत. भाजलेल्या साध्या विटेला भारतीय मानकाने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा दिली आहे. प्लास्टिक-वाळूचा ठोकळा जवळजवळ पाणी पीतच नाही. त्याला वाळवी लागत नाही. फुटला तर दळून पुन्हा घडवता येतो. खानापूर, चंदगड, सावंतवाडीकडे पाऊस कसा कोसळतो आणि न्हाणीघराच्या दाराची खालची फळी किती पावसाळ्यांत कुजते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पण गुण आहेत म्हणून गिऱ्हाईक आहे, असे होत नाही. ह्या मालाच्या 'प्रचंड बाजारपेठेची' भाकिते करणारी गुळगुळीत पत्रके हल्ली पुष्कळ निघतात. अमुक वर्षी इतके हजार कोटी, तमुक वर्षी त्याच्या दुप्पट! ती वाचताना 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ह्या म्हणीची आठवण होते. पेठ भाकितांनी उभी राहत नाही. ती कशाने उभी राहते, हे जेथे ती खरोखर उभी राहिली तेथे जाऊन पाहावे.

अमेरिकेत घरामागे लाकडी फळ्यांचा ओटा बांधण्याची रीत आहे. मोबिल ह्या तेल कंपनीचा एक विभाग १९९६ साली वेगळा होऊन ट्रेक्स ही कंपनी निघाली आणि जुन्या पातळ पिशव्या व वेष्टने यांत लाकडाचा भुसा घालून तिने ओट्याच्या फळ्या विकल्या. हा धंदा वाढला तो केवळ पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. तेथील लाकूड कुजू नये म्हणून ज्या रसायनात मुरवीत त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, असे. २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी असे लाकूड बनवणे कारखानदारांना सोडावे लागले आणि गिऱ्हाईक पर्याय शोधू लागले. लाकडाला वरचेवर रंग काढण्याचा कंटाळा होताच. पुढे ह्या नव्या फळ्यांवरही बुरशी धरते, पापुद्रे सुटतात अशा तक्रारी झाल्या, खटले झाले. तेव्हा फळीवर शुद्ध प्लास्टिकचे कवच चढवणे आणि पंचवीस-पंचवीस वर्षांची लेखी हमी देणे भाग पडले. नियम, निकड आणि हमी ह्या तीन पायांवर ती पेठ उभी आहे. आपल्याकडे ह्या तिवईचा एकही पाय धड नाही.

गरीब देशांचे उदाहरण हवे असेल तर आफ्रिकेत पाहा. नैरोबी शहरात न्झाम्बी माटी ह्या तरुण अभियंता बाईंनी प्लास्टिक व वाळूचे ठोकळे करण्याचा कारखाना काढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली त्यांचा गौरव केला. २०२१ च्या सुमारास तेथे दिवसाला सुमारे १५०० ठोकळे निघत होते. आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियातील एका उद्योगाशी २०१९ साली करार करून प्लास्टिकच्या विटांच्या ५०० वर्गखोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर केला. नैरोबीच्या ठोकळ्याला अंगणात आणि पायवाटेवर जागा सापडली; आबिजानच्या विटेला विकत घेणारा आधी ठरला आणि वीट नंतर निघाली. ह्यातले मर्म हेच आहे. आधी घेणारा, मग घडवणारा.

आपणांस ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या घरांवरचे लाल मंगलोरी कौलही एके काळी नवखेच होते. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना घातला. पिढ्यान्‌पिढ्या गवताने आणि नळीच्या कौलांनी शाकारणाऱ्या लोकांनी ते लगेच स्वीकारले असेल काय? कचेऱ्या, शाळा, रेल्वेची स्थानके यांच्या छपरांवर ते बसले, पावसाळे पाहून टिकले, आणि मग कोकण, गोमंतक व बेळगावच्या घराघरांवर चढले. त्याच मंगळुरात २०२० साली एका सेवाभावी संस्थेने एका कचरावेचक बाईसाठी पुनर्वापरित प्लास्टिकच्या तक्त्यांचे घर बांधले. सुमारे दीड टन प्लास्टिक त्यात गेले आणि साडेचार लाख रुपये खर्च आला. जिने आयुष्यभर कचरा वेचला तिला त्याच कचऱ्याचे छप्पर मिळावे, ह्यात एक न्याय आहे. परंतु एक घर म्हणजे पुण्यकर्म होय, पेठ नव्हे. 'घर पाहावे बांधून' हे आपल्या लोकांच्या हाडीमाशी मुरले आहे. जन्मभराची पुंजी घालून घर बांधणारा गृहस्थ अनोळखी विटेवर भरवसा ठेवणार नाही, आणि त्याने तो ठेवू नये.

एक सावधगिरी येथेच सांगतो. 'डब्ल्यू.पी.सी.' ह्या नावाने दारे, चौकटी आणि फळ्या आपल्या पेठेत सर्रास विकल्या जातात आणि 'कचऱ्यातून बनलेला पर्यावरणपूरक माल' अशी त्यांची जाहिरातही होते. त्यांतील पुष्कळ माल नव्या पी.व्ही.सी.चा असून त्यात चुनखडीची भुकटी आणि थोडा भुसा असतो. तो पाण्यात टिकतो हे खरे. पण गावच्या उकिरड्यातील एक पिशवीही त्याने कमी होत नाही. पुनर्वापरित प्लास्टिक किती टक्के, हे वेष्टनावर छापण्याची सक्ती झाल्याखेरीज प्रामाणिक कारखानदार आणि नावापुरता कारखानदार यांतील भेद गिऱ्हाइकास कळणार नाही.

मग पहिला घेणारा कोण? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नगरपालिका. आमच्या शहरांतील नगरपालिका प्लास्टिकसाठी एकदा पैसे मोजतात ते ते उचलून गावाबाहेर टाकण्यासाठी. आणि पुन्हा पैसे मोजतात ते पदपथावर घालण्याचे सिमेंटचे ठोकळे आणण्यासाठी. माल देणाराही तोच आणि माल घेणाराही तोच. मध्ये एक कारखाना तेवढा नाही.

साधा हिशेब करून पाहा. २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ६० जाड असा ठोकळा घेतला तर चौरस मीटरला ५० ठोकळे लागतात. वजनाने तीस टक्के प्लास्टिक आणि सत्तर टक्के वाळू धरली तर एक ठोकळा सुमारे दोन किलोचा होतो आणि त्यात सहाशे ग्रॅम प्लास्टिक बसते. म्हणजे चौरस मीटरला तीस किलो. दीड मीटर रुंदीचा एक किलोमीटर पदपथ केला तर त्याच्या पोटात सुमारे ४५ टन प्लास्टिक जाते. डांबरात प्लास्टिक मिसळून एकेरी रस्ता केला तर किलोमीटरला एक टनाच्या आसपास जाते, असे सांगितले जाते. रस्त्यात मिसळणे चांगलेच आहे. पण पदपथाची भूक केवढी मोठी आहे, ते ह्यावरून दिसेल. शिवाय हा ठोकळा त्याच मापाच्या सिमेंटच्या ठोकळ्याहून सुमारे चतुर्थांशाने हलका. वाहतुकीत तेवढी बचत.

मग नगरपालिका घेत का नाहीत? येथे अधिकाऱ्यांना दोष देऊन हात झटकणे सोपे आहे; पण खरी आडकाठी कागदावर आहे. नगरपालिकेचा अभियंता अंदाजपत्रक करतो ते सरकारी दरसूचीवरून. जी वस्तू दरसूचीत नाही ती त्याने लावली तर उद्या लेखापरीक्षक त्याच्याच मानेवर बसणार. सिमेंटच्या ठोकळ्याला भारतीय मानक आहे, आय.एस. १५६५८; प्लास्टिक-वाळूचा ठोकळा सिमेंटचा नव्हे, म्हणून त्या मानकात तो बसत नाही. त्यातून आमच्या भागाची अडचण तिहेरी. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा ह्या तीन राज्यांच्या दरसूच्या तीन. पिशवी कोल्हापुरात भरते, पणजीत रिकामी होते आणि बेळगावच्या नाल्यात तरंगते. कचऱ्याला राज्याची हद्द ठाऊक नाही. पण त्याच कचऱ्याचा ठोकळा झाला की त्याला हद्दीवर अडवले जाते! म्हणून साऱ्या देशाला एकच मानक हवे.

मानक आणि आज्ञा यांनी काय होते, ह्याचा दाखला रस्त्यांनीच दिला आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००२ साली महाविद्यालयाच्या आवारात प्लास्टिकमिश्रित डांबराचा रस्ता केला. भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शिका निघाली ती २०१३ साली, आणि मोठ्या शहरांच्या आसपासच्या रस्त्यांत प्लास्टिक वापरावे असा केंद्राचा आदेश निघाला तो २०१५ साली. वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. प्रयोगापासून आदेशापर्यंत तेरा वर्षे! ठोकळ्यानेही तेवढीच तपश्चर्या करावी काय?

सरकारच्या दुसऱ्या हाताचेही वर्तन पाहा. एका हाताने २०२२ साली उत्पादकांवर आपल्या वेष्टनांची जबाबदारी टाकणारे नियम आले. हे स्तुत्य झाले. पण त्याच्या थोडे आधी, १ ऑक्टोबर २०२१ पासून, प्लास्टिकच्या भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. नव्या नियमांत पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घेण्याची सोय झाली, तोच २०२३ साली सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती काढणारे कारखाने गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या राज्यांतले. कागदावर कचरा नाहीसा झाला आणि नाल्यात तो तसाच राहिला. ठोकळ्याचे तसे नाही. तो पायाखाली लागतो, मोजता येतो.

ह्या मालाचे दोष झाकून ठेवणे हे लोकांशी वैर करण्यासारखे होईल. प्लास्टिक जळते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली. भिंतींना बाहेरून लावलेल्या तक्त्यांच्या पोटात पॉलिथिन होते, आग त्यावरून सरसर चढली आणि ७२ माणसे मेली. हे स्मरणात ठेवून आम्ही म्हणतो की उंच इमारतीच्या भिंती, नाट्यगृहे, रुग्णालये, शाळांची छपरे यांत हा माल अग्निपरीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज येता कामा नये. सतत भार राहिला तर प्लास्टिक हळूहळू वाकते. म्हणून तुळई किंवा स्लॅबला ते चालणार नाही. उन्हात ते सिमेंटहून कितीतरी पट प्रसरण पावते, म्हणून ठोकळ्यांत फट सोडावी लागते. ऊन त्याला ठिसूळ करते, म्हणून त्यात काजळी किंवा तत्सम द्रव्य घालावे लागते. नाही तर तो झिजून त्याचे कण पुन्हा मातीत आणि पाण्यात जातील. ही सारी बंधने पाळून उरते ते क्षेत्र लहान नाही: पदपथ, बागेतील वाटा, बाकडी, कुंपण, गटारावरची झाकणे, सार्वजनिक न्हाणीघरांची दारे. आधी पायाखाली टिकून दाखवावे. डोक्यावरचे नंतर पाहू.

आणि हा माल आणणार कोण? ज्याला भाव नाही तो जिन्नस कचरावेचक उचलत नाही, आणि उचलावा तरी का? बाटलीला भाव आहे म्हणून बाटली रस्त्यावर राहत नाही. पातळ पिशवीला आणि पुड्याच्या वेष्टनाला भाव नाही म्हणून ती गटारात जाते. गोव्यात पुनर्वापरास न येणारे असे प्लास्टिक कर्नाटकातील सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्यासाठी धाडले जाते. उघड्यावर कुजण्यापेक्षा ते बरे, पण जळलेल्या वस्तूतून कामगाराच्या हाती दुसऱ्यांदा काही पडत नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते आहे. इंदूरने घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावली, आणि २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला नाही तर खरकट्याने माखलेली पिशवी धुण्यातच कारखान्याचा नफा वाहून जाईल. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ह्या कामी गृहिणींचा वाटा अभियंत्यांहून मोठा आहे.

कौशल्याची वाण आमच्याकडे नाही. बेळगावच्या ओतशाळांची आणि उद्यमबागेतील यंत्रशाळांची कीर्ती देशभर आहे. ज्यांनी पंपांची आणि मोटारींची अंगे ओतली त्यांना ठोकळ्याचा साचा आणि दाबयंत्र अवघड नाही. खानापूर तालुक्याने कौले आणि विटा पिढ्यान्‌पिढ्या भाजल्या. भाताच्या गिरण्यांबाहेर तुसाचे ढीग दरवर्षी पडतात. प्लास्टिक, तूस, यंत्र, हात सारे एका दिवसाच्या वाटेवर आहे. नाही तो फक्त पहिल्या खरेदीचा ठराव.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. आमच्या प्रत्येक नगरपालिकेने एक पदपथ ह्या ठोकळ्यांचा करण्याचा ठराव मांडावा. त्याची चाचणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घ्यावी आणि निष्कर्ष दोन पावसाळ्यांनंतर जाहीर छापावेत. चाचणी उतरली की तिन्ही राज्यांनी हा जिन्नस दरसूचीत घालावा, आणि भारतीय मानक ब्यूरोने त्याला स्वतंत्र मानक द्यावे. भंगारावरील कराचा बोजा हलका व्हावा. पातळ प्लास्टिकला किमान खरेदीभाव ठरवून तो कचरावेचकांच्या हाती थेट पडावा. आणि वेष्टनावर पुनर्वापरित भाग किती, हे लिहिण्याची सक्ती व्हावी.

उद्या मते मागावयास उमेदवार दारी येतील. रस्ते, दिवे आणि पाणी यांची आश्वासने ते देतीलच. मतदारांनी एक प्रश्न अधिक विचारावा: 'गावचे प्लास्टिक गावाबाहेर टाकण्यावर तुम्ही किती खर्च करता, आणि पदपथाच्या ठोकळ्यांवर किती?' हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्यावेत. ज्या सभासदाला ते सांगता येत नाहीत त्याला सभागृहात पाठवण्याचे कारण नाही. आणि ज्याला ते सांगता येतात, त्याला ह्या उकिरड्याचा पांग फेडण्यास बारा वर्षे लागणार नाहीत.